बद्रीमामा आन टीव्हीतलं वारं

आमच्या बद्रीमामाला जाऊन वरीस होत आलं. घरात तेचं नाव निघालं की आई अजून पदर डोळ्याला लावती, आन मंग तशीच हसायला लागती. कारण मामा म्हणलं की ते टीव्हीतलं काठीचेंडूचं आठवतंच, आन ते आठवलं की हसू आल्याबिगर राहत न्हाई. म्हणून तेच सांगायचं ठरवलं. बाकी मामानं जगात नाव निघावं असं काई केलं न्हाई.

परतूरपासून दोन-तीन कोसावर आमचं गाव. आईला, म्हंजे दुर्गाबाईला, गावातल्या गावातच दिलेली. मामाचं घर आन आमचं घर एकाच गल्लीत, शेतंबी धुऱ्याला धुरा, म्हंजे बांधाला बांध, लागून. मामाला लेकरूबाळ झालं न्हाई. तो आन झुंबरमामी, दोघंच. आमची थोरली बहीण बेबीनंदा मंग अर्धी मामाकडंच वाढली. जेवायची इथं, झोपायची तिथं.

मामाचं कसब एकच, वारं. ज्वारी मळून झाली की उफणायला मामाला बोलवायचे. मामा तिपाईवर चढायचा, सूप डोक्याच्या वर धरायचा आन नुसताच उभा राहायचा. खालची माणसं घाई करायची.

"बद्री, टाक की! ऊन डोक्यावर आलं."

"वारं दम खाऊन राह्यलं. तेला दम खाऊ द्या. तुमीबी खा."

मंग तेच्या कानाला काय लागायचं कोण जाणे, एकदम सूप हलवायचा. दाणा पायाशी, भुसकट लांब. मधी रेघ मारल्यावाणी मोकळी जागा. कोणी इचारलं, "बद्री, वारं कोणीकडचं?" तर मामा तोंडानं बोलायचाच न्हाई. जिकडून वारं येतं तिकडं बोट करायचा. आमच्याकडं समदेच तसं करत्यात. वारं कोणीकडून आलं तेवढं बघायचं, पुढं कुठं जायचं ते तेचं ते बघून घेईल.

मंग मळणीची मशीन आली. मशीनला वारं लागत न्हाई. ती तिचं तीच वारं करती. खळ्यावर मामाला कोणी बोलवंना. तरी फवारा मारायचा असला, धुरा पेटवायचा असला, की गडी धुऱ्यावरून मामाला हाक मारायचे. मामा बोट करायचा आन मंग दिवसभर खूश. तेचा मान तेवढाच उरलेला.

आता मामाचे दाजी. ते म्हंजे आमचे वडील, तातेराव. पण गोष्ट मामाची हाय म्हणून तेंला इथं दाजीच म्हणते. दाजी आधी ट्रक चालवायचे. नांदेड, औरंगाबाद, पार हैदराबादपोतर. शेतीत मागून आले. माणूस दिलदार, पण कोणाला इचारायचं म्हणलं की तेंला कमीपणा वाटायचा. रस्ता चुकले तरी इचारणार न्हाईत, पुढं जाऊन गाडी वळवतील.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात दाजी धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवायला गेले. मामा पलीकडं आपल्या शेतात बाभळीखाली बसलेला. दाजींनी हाक मारली न्हाई. आपल्याच हातानं चिमूटभर माती उडवून पाह्यली आन काडी लावली. मामा बघत व्हता. तेवढ्यात तेच्या कानाला वारं दुसरीकडून लागलं. पलटलं व्हतं. हाक मारायला मामानं तोंड उघडलं, आन तेच्या मनात आलं, मला इचारलं का? जो इचारंल तेला सांगावं. तोंड मिटलं. मनात म्हणला, बघतील तेंचं ते. दाजींनी काई बघितलं न्हाई. जाळ वळला तो सरळ मामाच्याच कडब्याच्या गंजीत. दोघं हातात बाभळीचे डहाळे घेऊन धावले, पण कडबा काय थांबतो व्हय? जनावराचा वर्साचा चारा राख झाला.

पारावर मामा चार माणसात म्हणला, "आंधळ्यालाबी वारं कळतं. आमच्या दाजींला फकस्त हॉर्न कळतो."

दाजींला ते लागलं. तेंनी गडीमाणसाबरोबर कडब्यानं भरलेली गाडी धाडली. मामानं तशीच माघारी लावली. झालं. तवापासून दोघांचा अबोला. बायाबायांचं चालू, नंदाचं जाणंयेणं चालू, पण हे दोघं समोर आले की एक इकडं बघायचा, एक तिकडं. आपण तोंड मिटलं व्हतं हे मामानं मामीलाबी सांगितलं न्हाई. ते आतच ठेवलं, कुसळ पायात राह्यल्यावाणी.

मंग दोन हजार एकला नंदाचं लग्न जमलं. पोरगं मंठ्याचं, बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. वैशाखातली तारीख निघाली. आमच्याकडं मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. अंतरपाट सुटेपोतर तेचा हात पोरीच्या खांद्यावर. मामानं ह्या एका दिवसाची वाट नंदा रांगत व्हती तवापासून पाह्यलेली. तेच्या घरातून दुसरी कोणती पोरगी निघायची व्हती?

पण आईला तो म्हणला, "अक्का, दाजी सोता माझ्या दारात आले, अक्षत दिली, तोंडानं चल म्हणले, तर मी येईन. न्हाईतर पाठीशी दुसरा कोणी उभा कर."

आईनं दाजींला सांगितलं. दाजी म्हणले, "पत्रिका देतो की पाठवून. छापलेली हाय, त्यात तेचं नावबी हाय. बोलणार मी न्हाई. न्हाई आला तर तुझे चुलतभाऊ काकासाहेब हायेत."

नंदानं हे ऐकलं आन काकासाहेबांचं नाव काढलं की ती ताटावरून उठायला लागली.

त्याच टायमाला रामनवमी आली. नंदा आन मामी जांब समर्थच्या जत्रेला गेल्त्या. तिथून नंदा टीव्हीवर खेळायचा गेम घेऊन आली. एक डबडं, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. आपल्या शिवणकामाच्या पैशातून आणला. मामा उदास बसून राहतो, तेला इरंगुळा व्हईल म्हणून. मामाच्या घरी जुना काळापांढरा टीव्ही. तेला जोडला. इमानं, बंदुका, उड्या मारणारी माणसं, मामाला एकबी पसंत पडंना. मंग एक खेळ निघाला, त्यात एक मिशीवाला हातात काठी घेऊन उभा.

"हा काय करून राह्यला?"

"गोल्फ हाय मामा. काठीनं चेंडू मारायचा, त्या झेंड्याखालच्या गलीत, खड्ड्यात, घालायचा."

"एवढुश्या गलीसाठी एवढं रान अडवलं? पेरत कामून न्हाईत?"

"मामा, ते कोपऱ्यात बघा. बाण हाय ना, ते वारं. आन आकडा मोठा झाला की वारं जास्त."

वारं म्हणल्याबरोबर मामा मांडी घालून सरसावला. नंदानं बटणं दाखवली. कशानं दिशा फिरवायची, कवा दाबायचं, कवा सोडायचं. बाणाचं टोक डावीकडं व्हतं. मामानं डोळे बारीक केले.

"डावीकडचं वारं. मंग डावीकडंच धरून मारायचा. वारंच चेंडू आणून झेंड्यापाशी सोडील. सोपं हाय."

चेंडू डावीकडं गेला तो गेलाच. टीव्हीनं ठुस्स आवाज केला. परत मारला. परत ठुस्स. बाण उजवीकडं आला, मामानं उजवीकडं धरलं, तिकडंबी ठुस्स. काळ्यापांढऱ्यात पाणी कोणतं, गवत कोणतं, काई कळंना. समदं राखेच्या रंगाचं.

मामी तांदूळ निवडत बसलेली. ती म्हणली, "जन्मभर वारं वारं केलं, आन डबड्यातल्या वाऱ्यानं पाणी पाजलं!"

"डबडं नासकं हाय," मामा म्हणला. "जत्रेतला माल."

पण सोडंना. रोज बसायचा. रोज बाणाकडं धरून मारायचा, रोज ठुस्स. शेवटी नंदा म्हणली, "मामा, आमच्या रंगीत टीव्हीवर पाणी निळं दिसतं. तुमचे दाजी परतूरला बाजाराला गेलेत. चला."

"त्या घरात मी पाय ठेवणार न्हाई."

"घरात कोण म्हणलं? मी टीव्ही ओसरीत आणते. तुमी पायरीवर बसा. पायरी काय घरात असती का?"

मामानं इचार केला आन पायरी काई घरात धरता येत न्हाई असं ठरवलं. नंदानं टीव्ही ओसरीत आणला, मामा पायरीवर टेकला. रंगीत टीव्हीवर गवत हिरवंगार, पाणी निळंशार. आता आपला चेंडू रोज पाण्यात पडतो हे मामाला चांगलं सोच्छ दिसायला लागलं.

तेवढ्यात दाजी आले. जल्दी आले, बाजारात काम झालं न्हाई म्हणून. मामा उठायला लागला, पण नेमका चेंडू हवेत व्हता. तो पडेपोतर उठवंना. पडला, पाण्यात.

दाजी पिशवी ठेवून खाटंवर बसले. "नंदे, तुझ्या मामाला इचार, चेंडू काय बैल हाय का, सारखा पाण्यावर नेऊन राह्यलाय?"

मामा टीव्हीकडं बघूनच म्हणला, "नंदे, तुझ्या बापाला सांग, वारं डावीकडचं हाय, मी डावीकडंच धरलं. खेळच खोटा हाय."

"तेला सांग, बाण डावीकडं म्हंजे वारं डावीकडं चाललं. रोडवर पाटी असती, तिच्यावरचा बाण कुठं जायचं ते सांगतो. कुठून आलास हे पाटी इचारती का कवा?"

"तेंला सांग, हा रोड न्हाई, रान हाय. रानात वारं कोणीकडून आलं तेच बघत्यात."

"तेला सांग, हे रान जपानात केलेलं हाय. तिथं कोण ह्याला बोट दाखवायला बसलंय?"

"मी काय टेलिफोनची तार हाय का?" नंदा वैतागली. आतून आई वरडली, "तिचा घसा बसवू नका रे, मंगळसूत्र घालायचं हाय त्या गळ्यात!"

दाजींनी दुसरा रिमोट उचलला. बाण डावीकडं. दाजींनी पार उजवीकडं धरलं. मामानं मनात म्हणलं, गेला. चेंडू उजवीकडं निघाला, हवेत वळला, वळत वळत डावीकडं आला आन झेंड्याच्या चार हातावर टेकला. दाजींच्या ओठावर काईतरी आल्तं. चांगलं तिखट असणार. पण मामाचं तोंड बघून तेंनी ते गिळलं.

मामा बराच येळ बाणाकडं बघत राह्यला. मंग आपली बारी आल्यावर गुमान बाणाच्या उलटं धरलं. चेंडू पाण्याच्या कडंकडंनं गेला आन हिरवळीवर थांबला. मामानं रिमोट खाली ठेवला आन घरी गेला. त्या दिवशी जेवताना मामीला म्हणला, "डबडं नासकं न्हाई. आठ दिस झाले, मीच उलटं बघून राह्यलोय." मामीनं भाकर वाढायचा हात थांबवला. चुकलो, असं हा माणूस वाऱ्याच्या बाबतीत कवा बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर मामा आपणहून पायरीवर हजर. तिसऱ्या दिवशीबी. आता बाण तेच्या डोक्यात बसला व्हता आन एकदा बसल्यावर मंग तेचा हात कोण धरतो? आकडा बघून केवढं सरकायचं, वारं तोंडावर असलं की मोठी काठी, पाठीशी असलं की धाकली, समदं बराबर. दाजी रोज हरायचे आन रोज खाटंवरून म्हणायचे, "नंदे, तुझ्या मामाला सांग, उद्या बघून घेतो." मामा म्हणायचा, "तेंला म्हणावं, डोळे घासून या." बोलणं समदं नंदावरून. लग्नाचं मात्र कोणी काढंना. गल्लीतली समदी घरं अक्षत देऊन झाली, मामाचं तेवढं राह्यलं. आई रोज कुंकवाची वाटी ओसरीतल्या कोनाड्यात ठेवायची, दाजींला दिसंल अशी. दाजी तिच्यावरून नजर नेऊन टीव्हीकडं बघायचे.

लग्न चार दिसावर आलं तवा एका सांजेला दोघांचा डाव बराबरीत आला. शेवटचा झेंडा. बारी दाजींची. पाण्याच्या पलीकडं हिरवळ, एका फटक्यात गेला तर दाजी पहिल्यांदा जिंकणार. दाजी एवढे हरकले की मागच्या फटक्याला जसं धरलं व्हतं तसंच धरलं, आन कोपऱ्यात पाह्यलंच न्हाई. बाण पलटला व्हता.

मामाला दिसलं. गप बसला असता तर डाव तेचाच. दाजींचं बोट बटणावर गेलं. मामाच्या गळ्यात तेच अडकलं जे त्या दिवशी बाभळीखाली अडकलं व्हतं. ह्या वक्ताला ते थांबलं न्हाई.

"दाजी, थांबा! वारं पलटलं!"

आई पिठाचे हात घेऊन दारात आली. दाजींचं बोट बटणावर तसंच.

"काय म्हणला?"

"वारं पलटलं म्हणलं. बाण बघा."

दाजींनी बाण बघितला. मंग मामाकडं बघितलं. तीन वर्सात पहिल्यांदा, सरळ.

मामा म्हणला, "त्या दिवशीबी मला दिसलं व्हतं, दाजी."

"कोणत्या दिवशी?"

"गंजी जळाली त्या. तुमच्या आधी मला कळलं. तुमी इचारलं न्हाई म्हणून मी हाक मारली न्हाई. आन वरून पारावर तुमालाच बोललो. माझी गंजी निम्मी तरी मीच जाळली."

दाजींनी बटणावरचं बोट काढलं. टीव्हीतला मिशीवाला काठी धरून उभा व्हता, तेलाबी कळंना मारावं का न मारावं.

"मंग गाडी कामून माघारी लावली?" दाजी शेवटी म्हणले.

"गड्याबरोबर धाडली तुमी. सोता हाकत आणली असती तर गाडीबी ठेवून घेतली असती आन तुमालाबी."

"आन मी त्या दिवशी इचारलं असतं, तर काय केलं असतं तू?"

"बोट केलं असतं. जिकडून वारं तिकडं."

"मंग बरं झालं इचारलं न्हाई," दाजी म्हणले. "मी डायवर माणूस. तू बोट केलं तिकडंच वारं चाललं असं समजलो असतो. एक गंजी गेली, ते अख्खं शिवार गेलं असतं!"

आधी आई हसली. मंग मामा असा हसला की पायरीवरून घसरला आन आधाराला ओसरीत हात टेकला, मंग गुडघाबी टेकला. नंदा वरडली, "आले! मामा घरात आले!" दाजींनी हसता हसता दिशा फिरवली, बटण दाबलं, चेंडू पाण्यावर चढला आन तेवढ्यात लाईट गेली. तो चेंडू हिरवळीवर पडला का पाण्यात, ते आजपोतर कोणाला ठाऊक न्हाई. दोघंबी मरेपोतर, म्हंजे मामा जाईपोतर, भांडायचे. दाजी म्हणायचे जिंकलो, मामा म्हणायचा आकडा मोठा व्हता, पोचलाच नसता.

सकाळी दाजी टोपी घालून, कुंकवाची वाटी घेऊन मामाच्या दारात. गडी न्हाई, आई न्हाई, एकटे. मामाच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या.

"बद्री, पोरीच्या लग्नाला चल."

"बसा, चहा घ्या," मामा म्हणला. मामीनं चहात दोनदा साखर टाकली, दाजी तसाच पिले.

लग्नाच्या चुली कुठं मांडायच्या, मंडपाचं तोंड कोणीकडं करायचं, हे समदं मामानं ठरवलं. धूर एकाबी पाव्हण्याच्या डोळ्यात गेला न्हाई. मंग मंगलाष्टकं लागली. मामा नवा फेटा बांधून नंदाच्या पाठीशी, हात तिच्या खांद्यावर. बाजूला दाजी. पाव्हणे अक्षता टाकून राह्यले. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट सुटला, वाजंत्री वाजली, नवरदेव हार घेऊन पुढं झाला. मामाचा हात खांद्यावरून निघंना.

दाजी हळूच म्हणले, "बद्री, सोड आता. पोरगं हार घेऊन उभं हाय."

"तुमी सोडलं का?"

दाजींनी खाली बघितलं. तेंच्या मुठीत नंदाच्या शालूचं टोक व्हतं.

"न्हाई."

"मंग मला कामून सांगता?"

नवरदेव हार धरून तसाच थांबला, भटजी दोघांकडं बघत राह्यले, आन दोघंबी सोडंनात.